सरासरीआडची पेशी : लोणावळा, पुणे आणि मधुमेहाचे संशोधन

बोरघाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाला आणि मावळच्या पश्चिम टोकावरचे लोणावळे मुंबई व पुणे या दोन्ही शहरांशी जोडले गेले. याच गावात स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना केली व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचे परिणाम केवळ परंपरेच्या आधारे न सांगता ते उपकरणांनी तपासावेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच नौली या क्रियेत मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंवरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले.

शरीराचे असे मापन मधुमेहाच्या संशोधनातही सुरू होते. टोरोंटोमध्ये एका मधुमेही मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन १९२२ च्या जानेवारीत दिले गेले; कैवल्यधामाची स्थापना झाली तेव्हा या घटनेला तीन वर्षेही झाली नव्हती. इन्सुलिन हे रक्तातील साखर पेशींत पोहोचवण्यास मदत करणारे संप्रेरक असून ते स्वादुपिंडात तयार होते. स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे सूक्ष्म पुंजके पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्येच वर्णिले होते. ‘लांगरहान्सची बेटे’ म्हणून ओळखले जाणारे असे सुमारे दहा लाख पुंजके माणसाच्या स्वादुपिंडात असतात. या बेटांतील दोन प्रकारच्या पेशी १९०७ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने वेगळ्या ओळखता आल्या आणि त्यांपैकी बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र त्या काळातील मापन संपूर्ण शरीराचे किंवा संपूर्ण अवयवाचे होते. सर्व बीटा पेशी सारख्याच काम करतात की नाही, हा प्रश्न विचारण्याचे साधनच उपलब्ध नव्हते.

ते साधन १९८० च्या दशकात हाती आले. एकेका पेशीतून होणारा इन्सुलिनचा स्राव पाहणाऱ्या प्रयोगांत असे आढळले की, साखर वाढत जाते तशी स्रवणाऱ्या पेशींची संख्याही वाढते. म्हणजे काही पेशी थोड्या साखरेलाच जाग्या होतात, तर काहींना जागे होण्यासाठी अधिक साखर लागते. पुढे २०१६ मध्ये मानवी बीटा पेशींचे चार उपप्रकार वर्णिले गेले आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात त्यांचे प्रमाण बदललेले दिसले. त्याच वर्षी उंदरांवरील अभ्यासातून, थोड्या बीटा पेशी बेटातील इतर पेशींच्या कार्याचा मेळ राखतात, असा निष्कर्ष मांडला गेला. परिपक्व, अधिक स्राव करणाऱ्या पेशी आणि विभाजनक्षम पेशी यांतील फरकही याच सुमारास पुढे आला.

पेशींच्या पातळीवर दिसणाऱ्या या वैविध्याला समांतर असे वैविध्य पुणे जिल्ह्यातील संशोधकांना माणसांच्या पातळीवर आढळले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. तरीही स्नायू कमी असलेल्या या कृश बाळांत चरबी मात्र तुलनेने टिकून होती. स्वीडनमध्ये २०१८ मध्ये मधुमेहींचे पाच गट मांडले गेले, आणि ती वर्गवारी पुण्यातील तरुण मधुमेहींना लावली असता इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा निघाला. स्वीडनमध्ये सर्वांत मोठा होता तो उतारवयात सौम्य मधुमेह होणाऱ्यांचा गट.

इन्सुलिन कमी पडण्यामागे बीटा पेशींची संख्या कमी असणे, त्या नीट परिपक्व न होणे किंवा त्यांच्या उपप्रकारांचे प्रमाण बिघडणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि जिवंत माणसाच्या स्वादुपिंडात डोकावणे कठीण असल्याने ही कारणे रुग्णागणिक वेगळी करणे अद्याप सोपे नाही. म्हणूनच लठ्ठपणा डोळ्यांसमोर ठेवून आखलेले उपाय कृश शरीराच्या तरुण मधुमेहीला तसेच लागू करणे धोक्याचे ठरते. परदेशातील सरासरी उसनी न घेता येथील माणसे व त्यांच्या पेशी यांचे मापन येथेच करत राहणे, हे मधुमेहाच्या उपचाराचे पहिले कर्तव्य आहे.