स्वभावाला औषध असते का?

“स्वभावाला औषध नाही,” ही म्हण आपण बायका दिवसातून एकदा तरी कुणाला उद्देशून म्हणतोच. कधी नवऱ्याला, कधी जावेला, कधी पोटच्या पोराला. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,” ही तिची धाकटी बहीण. या दोन्ही म्हणी अनुभवातून आलेल्या आहेत, यात शंका नाही. परंतु इतिहासात अशीही माणसे सापडतात की, त्यांच्याकडे पाहून या म्हणी पुन्हा एकदा तपासून पाहाव्याशा वाटतात. अशाच एका जोडप्याची हकिगत मंडळाच्या या वाढदिवसाच्या अंकात सांगावी असे मी योजले आहे. हे जोडपे म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. (लोकमान्य टिळक निराळे. हे टिळक कवी. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना पाठ असे.)

प्रथमच सांगते, मी ख्रिस्ती नाही. माझ्या देवघरात अन्नपूर्णा व बाळकृष्ण आहेत आणि ते तेथेच राहणार. कोणी कोणता धर्म घ्यावा याविषयी मला काही सांगावयाचे नाही, तो माझा अधिकारही नव्हे. परंतु ख्रिस्ताची गाठ पडल्यावर साधी, दोषांनी भरलेली माणसे कशी पालटली, हा इतिहास आपल्याच नाशिक-नगरच्या मातीत घडला आहे आणि तो एका बाईने स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणून तो सांगावासा वाटतो.

बायबलात ख्रिस्ताचे जे पहिले शिष्य आहेत, ते काही ऋषिमुनी नव्हते. पेत्र हा गालील प्रांतातला मासे धरणारा कोळी, मोठा उतावळा. गुरूवर संकट आले त्या रात्री “मी त्याला ओळखत नाही” असे तो तीन वेळा म्हणाला, आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला. मत्तय हा जकात वसूल करणारा. जक्कय हा तर यरीहो गावचा मुख्य जकातदार, ठेंगणा व श्रीमंत. गर्दीत दिसेना म्हणून तो ख्रिस्ताला पाहावयास उंबराच्या झाडावर चढून बसला. ख्रिस्ताने त्यालाच हाक मारली व त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. लोक कुरकुरले, पण जक्कयाने आपले अर्धे धन गोरगरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे तेथेच कबूल केले. अशा या गोष्टी. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या, दूर देशच्या म्हणून आपण ऐकतो आणि सोडून देतो. टिळक पतिपत्नींची गोष्ट मात्र आपल्या ओसरीवरची आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. बुद्धी तीव्र, संस्कृत उत्तम, कविता तोंडातून झऱ्यासारखी येई. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहिले तर हा गृहस्थ अवघडच. राग नाकावर, नोकरी एका ठिकाणी टिकावयाची नाही, आणि मनात आले की घरी न सांगता निघून जावयाचे. हाती पैसा आला की तो पहिल्या गरजू माणसाच्या हाती जाई, आणि घरात काय आहे नाही ते बायकोने पाहावयाचे.

लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या, जन्म १८६८ चा. माहेरचे नाव मनकर्णिका. सत्तावनच्या बंडानंतर घरातल्या एका जवळच्या आप्ताला फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की, बाजारातून आलेल्या, धुण्याजोग्या नसलेल्या वस्तूदेखील घरात धुतल्या जात. अशा घरात वाढलेली ही मुलगी १८८० साली, अकराबारा वर्षांची असताना, टिळकांच्या घरी आली. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. पुढे नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तरी जोडाक्षरांशी त्यांचे भांडण जन्मभर चालले. (माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे हे वाचून मला फार धीर आला, हे सांगण्यास हरकत नाही.)

आता मुख्य गोष्ट. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास नोकरीनिमित्त आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी ‘नवा करार’ हे पुस्तक टिळकांच्या हाती दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते काही पटले नाही. पण पुस्तक वाचीन असे कबूल केले होते, म्हणून वाचू लागले. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे अडकले. शत्रूवरही प्रेम करा, दान केले तर उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, देवापुढे मन निर्मळ ठेवा, हा तो उपदेश. आपल्या देशाचे भले कशाने होईल, माणसामाणसांतले अंतर कशाने मिटेल, हा ध्यास त्यांना पूर्वीपासूनच होता. त्याचे उत्तर त्यांना या माणसात दिसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस एका भारतीय पाद्र्याच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या मंडळात गुरुवारी दुपारी सामुदायिक वाचन असते. तेथे लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक वाचले जात असता या जागी एक भगिनी रागावून म्हणाल्या, “यांना देव भेटला, पण बायकोच्या डोक्यावरचे छप्पर गेले, त्याचे काय?” हा प्रश्न झाकून ठेवण्यासारखा नाही. पदरी तीनचार वर्षांचा दत्तू, आधीची मुले हाती लागलेली नाहीत, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळी धर्म सोडलेला माणूस घराला मेला असे समजत. लक्ष्मीबाईंना वेड लागावयाची वेळ आली. कधी नाशिकला थोरल्या बहिणीकडे, कधी पंढरपुरास, असे चारपाच वर्षे त्यांनी दिवस काढले. टिळकांना ज्या प्रेमाचा साक्षात्कार झाला, त्याची पहिली किंमत लक्ष्मीबाईंनी दिली, आणि ती त्यांना न विचारता घेतली गेली. टिळकांची थोरवी सांगताना एवढे म्हटलेच पाहिजे.

परंतु येथूनच टिळकांमधला पालट दिसू लागतो. पूर्वीचे टिळक मनासारखे झाले नाही तर आकाशपाताळ एक करीत. हे टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटावयास येत राहिले आणि वाट पाहत राहिले. “माझा धर्म तुझा झालाच पाहिजे” अशी सक्ती त्यांनी केली नाही. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) नवऱ्याजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, स्वयंपाकाला कोणी शिवावयाचे नाही. ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको एका छपराखाली असा संसार चालला. नवऱ्याने तो चालू दिला.

लक्ष्मीबाईंचा पालट कसा झाला हे तर आणखी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांना कोणी आगगाडीत पुस्तक दिले नाही. त्यांना प्रश्न पडला तो आपल्या पाण्याच्या भांड्यावरून. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर गाय आणि घोडा जसे पाहताच निराळे कळतात, तशी माणसेही कळली असती. मग हे शिवाशिवीचे ओझे कोणाच्या आज्ञेने आपण वाहतो? असा विचार करता करता त्यांनी निश्चय केला की, आजपासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी मला चालेल. नवरा ख्रिस्ती म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्यांनी स्वतः लिहिलेले वाचले म्हणजे कळते की, त्या आपल्या पायांनी, आपल्या वाटेने चालत तेथवर गेल्या. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आजच्या मुलींना पाण्याचा पेला घेण्यात एवढे काय, असे वाटेल. माझ्या आजेसासूबाईंचे सोवळ्याचे लुगडे उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले असे आणि धाकट्या नातवाचा चुकून हात लागला तर त्या कडाक्याच्या थंडीत पुन्हा ओलेत्याने उभ्या राहत. त्या दुष्ट नव्हत्या, मायाळू होत्या. पण ते सोवळे त्यांच्या हाडांत शिरले होते. ते मी पाहिले आहे, म्हणून लक्ष्मीबाईंनी काय ओलांडले याची मला थोडीफार कल्पना येते.

त्यानंतरच्या लक्ष्मीबाई पाहाव्या. छप्पन्नच्या दुष्काळात व त्यानंतर नगर भागात अनाथ पोरे पुष्कळ झाली. टिळकांच्या घरात अशा मुलांचा व शिकणाऱ्या गरीब पोरांचा राबता सुरू झाला. कोणाची जात काय, हे विचारणे त्या घरात उरले नाही. बालकवी ठोमरेही काही काळ त्यांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. प्लेगच्या साथीत तर माणसे आपल्या माणसांना सोडून पळत असत. अशा वेळी मिशनच्या शाळेतील आजारी मुलींच्या शुश्रूषेला त्या जाऊन राहिल्या. ज्या घरी धुण्याजोगे नसलेलेही धुतले जाई, त्या घरची ही लेक परक्या मुलींचा ताप आणि घाण काढीत होती.

आता कोणी म्हणेल, मग दोघांचे दोष गेले काय? माझे उत्तर, नाही. आणि लक्ष्मीबाईंनी ते लपवलेलेही नाही. टिळकांचा राग पुढेही येई, पैसा पुढेही घरात टिकत नसे, अचानक पाहुणे पुढेही येत, आणि नवराबायकोचे खटके उडत. हे सारे त्यांनी इतक्या हसत लिहिले आहे की वाचताना आपल्यालाही हसू येते. परंतु माझ्या अल्पमतीला असे वाटते की, खोड राहिली तरी तिची दिशा फिरली. जे टिळक मन न रमल्यामुळे घर सोडून भटकत, तेच पुढे कीर्तन-भजन करीत गावोगाव लोकांसाठी हिंडले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपले मराठीपण टाकले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांत गायिली जाणारी शेकडो पदे त्यांची आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. १९१७ साली, पंचावन्नी उलटलेली असताना, मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा होती. पूर्वी जो पैसा हातात टिकत नसे म्हणून बायको रडे, तो आता ते समजून उमजून सोडत होते. (संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला आली, हेही खरे!) ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले.

तसेच लक्ष्मीबाईंचे. हट्ट हा त्यांचा जुना गुण. पूर्वी तो सोवळे राखण्यात खर्च होई. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले होते, पण दहाएक अध्यायांवर ते थांबले. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या या बाईने ते पुढे हाती घेतले व ६० हून अधिक अध्याय लिहिले. १९३४ पासून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. मराठीतील उत्तम आत्मचरित्र कोणते असे विचारले तर जाणती मंडळी आजही प्रथम या पुस्तकाकडे बोट दाखवतात.

तात्पर्य काय? ज्याला आपण परिवर्तन म्हणतो, ते भाषणाने किंवा एका दिवसाच्या विधीने पुरे होत नाही. टिळकांना पुस्तक मिळाल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत दोन वर्षे लागली. लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच लागली. आणि दोघांच्याही स्वभावाला मुरड बसावयास उरलेले सारे आयुष्य लागले. माणूस खरोखर पालटला की नाही, याची परीक्षा त्याच्या तोंडच्या देवाच्या नावावरून होत नाही, तर त्याच्या पाण्याच्या भांड्याला कोण हात लावू शकतो आणि त्याच्या दाराशी आलेले पोरके मूल उपाशी परत जाते की जेवून जाते, यावरून होते. पेत्राचे असो, जक्कयाचे असो की आपल्या जलालपूरच्या मनूचे असो, हिशेब एकच आहे.

तेव्हा भगिनींनो, “स्वभावाला औषध नाही” ही म्हण मी टाकून द्या म्हणत नाही. फक्त ती दुसऱ्यावर शिक्क्यासारखी मारण्यापूर्वी जरा थांबावे, एवढीच विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’ची प्रत मंडळाच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी नोंदवहीत नाव लिहून अवश्य न्यावी, आणि पंधरा दिवसांत परत करावी, कारण मागे पुष्कळजणी थांबल्या आहेत.