लेन्स डोळ्यात अडकली? घाबरू नका, आधी हे करा

रात्री लेन्स काढायला गेलं आणि ती जागची हलेचना, असं अनेकांचं होतं. बहुतेकदा लेन्स कोरडी पडलेली असते. ती तशीच ओढली, तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला ओरखडा येऊ शकतो.

लेन्स डोळ्याच्या मागे जाते का?
नाही. पापणीच्या आतलं पातळ आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतं. त्यामुळे मागे जायला वाटच नसते. फार तर ती पापणीखाली सरकते.

सॉफ्ट लेन्स कशी काढायची?
१. हात साबणाने धुऊन कोरडे करा.
२. लेन्ससाठीचे ड्रॉप्स घाला. काही मिनिटं पापण्यांची उघडझाप करा.
३. लेन्स पापणीखाली गेली असेल, तर डोळा मिटून पापणीवरून हलका मसाज करा.
४. वर बघा, मधल्या बोटाने खालची पापणी ओढा.
५. तर्जनीने लेन्स पांढऱ्या भागावर सरकवा. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरून काढा. नखं लागू देऊ नका.

नळाचं पाणी का नको?
त्यात अकॅन्थअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याच्या संसर्गाने दृष्टी जाण्याचाही धोका असतो. थुंकीही वापरू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
लेन्स निघतच नसेल, किंवा काढल्यावरही दुखणं, लाली, अंधुक दिसणं, उजेड सहन न होणं असा त्रास राहिला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तोवर दुसरी लेन्स घालू नका. काढलेली लेन्स डबीसकट सोबत न्या, संसर्ग तपासायला ती उपयोगी पडते.