टेबलाखालचं मूल

मे महिना आला की शहरातल्या हॉटेलांच्या जाहिराती सुरू होतात : 'मदर्स डे स्पेशल हाय टी'. तीन मजली तबकात छोटी सँडविचं आणि केक, फुलाफुलांची किटली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगी. चित्र गोड असतं, तरी मला दर वर्षी एक प्रश्न पडतो. या आईच्या मैत्रिणी कुठे गेल्या? चहाचं टेबल आणि आया यांचा जो इतिहास मी वाचला आहे, त्यात आई दिसते ती इतर आयांबरोबर. आणि ती तशी बसली रे बसली, की कुणीतरी विचारतंच : मुलं कुणाकडे आहेत?

हा प्रश्न किती जुना आहे ते एका व्यंगचित्रात पाहायला मिळतं. २५ ऑक्टोबर १७७४ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावातल्या ५१ स्त्रियांनी एका ठरावावर सह्या केल्या. ब्रिटिश चहा आणि कापड यांवरच्या बहिष्काराला त्यांचा पाठिंबा होता. बॉस्टनच्या पुरुषांनी वेषांतर करून रात्री चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या होत्या. या बायकांनी मात्र आपापली नावं लिहिली. पुढे या घटनेला 'एडेंटन टी पार्टी' असं नाव पडलं. बातमी लंडनला पोचली आणि १७७५ मध्ये तिथे एक व्यंगचित्र छापलं गेलं. त्यात बायका टेबलाभोवती जमल्या आहेत, कुणी सही करतेय, कुणी चहाचे डबे रिकामे करतेय. आणि खाली जमिनीवर, टेबलाशी, एक दुर्लक्षित मूल बसलं आहे. कुत्रं त्याला चाटतंय.

बायकांच्या राजकारणाला उत्तर द्यायची गरज चित्रकाराला वाटली नाही. टेबलाखाली एक मूल काढलं की काम भागत होतं. त्याच चित्रात मागे एक कृष्णवर्णीय स्त्री दौत-लेखणी घेऊन उभी आहे. तिची मुलं कुणाकडे आहेत, हे मात्र त्या काळात कुणी विचारत नव्हतं. चहाच्या टेबलाचा इतिहास सांगताना तिला वगळून चालणार नाही.

आता ७४ वर्षं पुढे येऊ. ९ जुलै १८४८, रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावात जेन हंट यांच्या घरी चहाला पाच जणी जमल्या. यजमानीण जेन नुकतीच बाळंतीण झालेली. फिलाडेल्फियाहून आलेल्या ल्युक्रिशिया मॉट पंचावन्न वर्षांच्या, सहा मुलांना जन्म दिलेल्या, क्वेकर पंथाच्या नावाजलेल्या प्रवचनकार. त्यांची धाकटी बहीण मार्था कॉफिन राइट गरोदर होती. मेरी अ‍ॅन मॅक्लिंटॉक गावातल्याच, मुली हाताशी आलेल्या. पाचवी एलिझाबेथ केडी स्टँटन, बत्तीस वर्षांची, तीन लहान मुलग्यांची आई. पाचही जणी आया होत्या. यांतल्या मॉट आणि मॅक्लिंटॉक ही कुटुंबं गुलामांच्या श्रमातून आलेली साखर आणि कापूस वर्ज्य मानणारी. म्हणजे चहात काय घालायचं, हाही त्यांच्यासाठी नीतीचाच प्रश्न होता.

स्टँटनबाई आदल्याच वर्षी बॉस्टन सोडून शेजारच्या सेनेका फॉल्सला राहायला आल्या होत्या. बॉस्टनमध्ये व्याख्यानं होती, माणसं होती. इथे घर गावाच्या कडेला, नवरा सतत दौऱ्यावर, मुलं आणि नोकरमाणसं हिवतापाने आजारी. ल्युक्रिशियाबाईंशी त्यांची ओळख आठ वर्षांपूर्वीची, लंडनमधली. तिथल्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री-प्रतिनिधींना भाग घेऊ दिला नव्हता, तेव्हापासूनची. त्या दिवशी चहाच्या टेबलावर स्टँटनबाईंनी साठलेलं सगळं बोलून टाकलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं आहे की त्या इतक्या आवेगाने बोलल्या की सगळ्यांनाच, खुद्द त्यांनाही, काहीतरी करून दाखवायची हिंमत आली.

मला इथे थांबावंसं वाटतं. बोलून मन मोकळं होतं आणि माणूस घरी जातो, असं आपण समजतो. इथे बोलणं संपल्यावर पाच जणींनी कागद घेतला आणि परिषदेची सूचना लिहिली. दोन दिवसांनी ती स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली. पुढच्या रविवारी मॅक्लिंटॉकबाईंच्या दिवाणखान्यातल्या गोल टेबलावर जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला. ते टेबल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्सच्या वेस्लियन चॅपलमध्ये सुमारे तीनशे माणसं जमली. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या, ६८ स्त्रियांच्या आणि ३२ पुरुषांच्या. स्त्रियांना मताधिकार हवा, हा ठराव काठावर होता. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून सुटलेल्या नेत्याने बाजू मांडली आणि तो तरला. चहापासून परिषदेपर्यंत अवघे दहा दिवस.

टीका ठरलेलीच झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राला तर पुरुषांच्या जेवणाची आणि मोज्यांना पडलेल्या भोकांची काळजी लागली. टेबलाखालचं मूल पुन्हा एकदा बाहेर आलं, यावेळी मोज्यांच्या रूपात.

मुलं कुणाकडे होती, याचं एक खरंखुरं उत्तरही या इतिहासात आहे. १८५१ मध्ये स्टँटनबाईंची सुझन बी. अँथनींशी भेट झाली. सुझन अविवाहित. स्टँटनबाईंची मुलं पुढे सात झाली. भाषणं लिहायची वेळ आली की सुझन त्यांच्या घरी येऊन मुलं सांभाळायची, चुलीवरचं बघायची, आणि स्टँटनबाई लिहायला बसायच्या. मुलं मैत्रिणीकडे होती.

हे वाचताना मला आमच्या कॉलनीतली भिशी आठवते. आईच्या भिशीच्या दिवशी आम्ही सात-आठ मुलं आतल्या खोलीत, एका काकूंच्या सासूबाईंच्या ताब्यात असायचो. बाहेर चहा, चिवडा आणि हसणं. 'या बायका एवढं काय बोलतात?' असं घराघरातून विचारलं जायचं. त्या बोलण्यातून कुणाचं बी.एड. पूर्ण झालं, कुणाच्या नावावर पहिलं बँकखातं उघडलं, हे मला फार नंतर कळलं.

वॉटर्लूच्या त्या चहाचा एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. सेनेका फॉल्सच्या परिषदेला ४० वर्षं झाली म्हणून १८८८ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाई विधवा, छोट्या मनोरमेच्या आई. आपल्याकडे बायकांनी एकत्र जमायची हक्काची रीत म्हणजे हळदीकुंकू, आणि तिथे विधवेला बोलावणं नव्हतं. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका संस्था कशा काढतात, चालवतात, हे त्यात त्यांनी कौतुकाने सांगितलं आहे. प्रत्येक टेबलाला कडा असतात. एडेंटनच्या चित्रातली ती दासी आणि हळदीकुंकवाला न बोलावलेली विधवा या कडेच्या बाहेर उभ्या होत्या.

आता मदर्स डेकडे येते. त्याचं मूळही मैत्रीतच आहे. आजच्या वेस्ट व्हर्जिनियात अ‍ॅन रीव्ह्ज जार्व्हिस या बाईंनी १८५८ च्या सुमारास आयांची मंडळं काढली. त्यांची स्वतःची बरीच मुलं लहानपणीच दगावली होती. मोठी झाली ती चारच. ही मंडळं औषधांसाठी पैसे जमवायची, दूध तपासायची, आजारी आईच्या घरी मदतीला माणूस ठेवायची. यादवी युद्ध झालं तेव्हा या बायकांनी दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. युद्ध संपलं तरी शेजारी एकमेकांशी बोलेनात. तेव्हा १८६८ मध्ये अ‍ॅनबाईंनी प्रंटीटाऊनच्या कोर्टाच्या आवारात दोन्हीकडच्या कुटुंबांना एकत्र आणलं. दंगा होईल अशी भीती होती, झाला नाही. त्या दिवसाचं नाव होतं 'मदर्स फ्रेंडशिप डे', आयांचा मैत्रीदिन.

त्यांची मुलगी अ‍ॅना जार्व्हिस. आई गेल्यावर तिने १० मे १९०८ रोजी ग्राफ्टनच्या चर्चमध्ये पहिला मदर्स डे घडवून आणला आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार जाहीर केला. अ‍ॅनाचा एक हट्ट होता : इंग्रजीत लिहिताना 'मदर्स'मधली अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी हवी. म्हणजे आयांचा दिवस नको, आईचा हवा. ज्याने त्याने आपल्या आईचा मान राखायचा. हेतू चांगला होता. पण एकेकट्या आईला वस्तू विकणं फार सोपं असतं. फुलवाले, कार्डवाले, मिठाईवाले धावून आले आणि अ‍ॅनाने उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात घालवलं. फिलाडेल्फियातल्या वॉनमेकर दुकानाच्या टी-रूममधला किस्सा सांगतात : 'मदर्स डे सॅलड' पाहून तिने ते मागवलं, जमिनीवर ओतलं, पैसे दिले आणि निघून गेली.

तिचा राग मला कळतो. पण माझं मत तिच्या आईच्या बाजूने पडतं. अ‍ॅनबाईंना ठाऊक होतं की आईला ताकद मिळते ती दुसऱ्या आईकडून. दूध नासकं आहे हे एकीला कळलं तर ती ते फेकते. दहाजणींना कळलं तर दूधवाला बदलतो.

म्हणून या रविवारी आईला चहाला न्यायचं असेल तर जरूर न्या. फक्त टेबल मोठं सांगा आणि तिच्या मैत्रिणींना फोन करा. ज्यांना सहसा कुणी बोलावत नाही त्यांना आधी. आणि चहा आल्यावर तुम्ही उठा. कुणाची नातवंडं आली असतील तर त्यांना घेऊन बागेत जा. तेवढा वेळ मुलं तुमच्याकडे असू देत.