वसईतली ईस्टरची रात्र

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावोगावी ख्रिस्ती श्रद्धा टिकली. घरची भाषा मराठीच होती. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ तर १६१६ सालीच छापले गेले होते. वेदीवर मात्र लॅटिन!

माझ्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटे. त्यावर मोठी मेणबत्ती लागे आणि तिच्यावरून साऱ्या गावाच्या मेणबत्त्या. आजी तासन्‌तास हात जोडून उभी असे. शब्द मात्र एकही कळत नसे.

१९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. त्या पहिल्या रात्री आजी डोळे पुसत मला म्हणाली, “इतकी वर्षं फादर हेच सांगत होते होय रे!”