बेल्व्हेडिअरची बंद खोली

कोलकात्याच्या अलिपूर भागातील बेल्व्हेडिअर ही वास्तू १८५४ ते १९११ या काळात बंगालच्या नायब गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १९५३ साली तेथे राष्ट्रीय ग्रंथालय वाचकांसाठी खुले झाले. मराठी ग्रंथांनाही त्यात मानाचे स्थान लाभले.

२०१० साली डागडुजीच्या वेळी पुरातत्त्व खात्याला तळमजल्यावर सुमारे हजार चौरस फुटांची, दार-खिडकी नसलेली खोली आढळली. कोणी गुप्तधनाचा तर्क केला, कोणी यातनागृहाचा. २०११ साली तपासणीअंती आत निघाली ती केवळ माती! इमारतीच्या बळकटीसाठी ती भरली असावी, असे अनुमान निघाले.

धन होते ते वर, कपाटांत, सर्वांसाठी खुले. त्याचा भार मात्र ही अज्ञात माती वाहत होती. सुवर्णमहोत्सवी मंडळाने आपल्याही पायातील अशा मातीचे कृतज्ञ स्मरण ठेवावे.