मळलेली वाट आणि जावळीचे रान

ऐन वैशाखाच्या उन्हात आम्ही बर्फाच्या गोष्टीने आरंभ करणार आहो. आपणांस शेवटी जावयाचे आहे ते महाड-पोलादपूरकडील शिवथरच्या खोऱ्यात. तेथे बर्फाचा कणही कधी पडत नाही. तथापि त्या खोऱ्याचा इतिहास समजून घेण्यास बर्फाची ही गोष्ट फार उपयोगी पडते, म्हणून श्रोत्यांनी घटकाभर थंडी सोसावी.

युरोपातील डोंगरांत, आणि आपल्याकडे काश्मिरात गुलमर्ग येथे, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची एक विद्या आहे. तिला स्की म्हणतात. केवळ करमणुकीचीच ही विद्या नव्हे. गुलमर्गला आपल्या लष्करानेही १९४८ साली तिचे शिक्षण देणारी शाळा काढली. या विद्येच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत उतारावर यंत्र फिरवून बर्फ दाबून घट्ट व सारखा केलेला असतो. त्यावर पट्टीची कड रुतवावी, वळताना बाहेरच्या पायावर भार द्यावा आणि बाणासारखे खाली यावे. दुसरीत बर्फ नुकताच पडलेला, गुडघाभर, पिठासारखा भुसभुशीत असतो. तेथे कड रुतावी असे खाली काहीच नसते. एका पायावर भार टाकला की तो पाय बुडालाच. तेथे दोन्ही पायांवर सारखा तोल ठेवून, पाय जवळ धरून, एका लयीत, वळणाची घाई न करता तरंगत जावे लागते. घट्ट उतारावर पटाईत झालेला मनुष्यदेखील अशा बर्फात पहिल्या दिवशी कोलमडतो. त्याचे धैर्य कमी पडते असे नाही. पायाखाली घट्ट जमीन असणारच, हे त्याच्या पायांनी गृहीत धरलेले असते, आणि ती तेथे नसते.

यातून इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मनुष्याचे कौशल्य किती त्याचे स्वतःचे, आणि किती त्याच्या पायाखालच्या जमिनीचे? १९३९ च्या अखेरीस सोव्हिएत रशियाची फौज फिनलंडमध्ये शिरली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर फार कठोरपणे मिळाले. जानेवारी १९४० मध्ये राटे नावाच्या रस्त्यावर रशियाची एक संपूर्ण डिव्हिजन रणगाड्यांसह लांबच लांब ओळीत अडकून पडली. दोन्ही बाजूंस बर्फाने भरलेले अरण्य होते. रस्ता सोडून त्या अरण्यात शिरण्याचा सराव तिच्या शिपायांना नव्हता. फिनलंडचे थोडके लोक स्कीवरून त्याच अरण्यातून आले आणि त्यांनी ती ओळ जागोजाग तोडून तिचे तुकडे केले. शस्त्रे, संख्या, यंत्रे ही सगळी रस्त्यावरच होती. म्हणून ती रस्त्यावरच संपली.

असाच प्रसंग आपल्या मुलखात २८० वर्षे आधी घडून गेलेला आहे. आता आपण त्याकडे वळू.

शिवथरचे नाव घेताच आपल्या मनात येते ती तेथील घळ. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे लिहिला अशी श्रद्धा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांच्या शोधकार्यामुळे ही घळ महाराष्ट्राच्या नजरेस आली. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो. पण आज आम्ही घळीविषयी बोलणार नसून तिच्या भोवतालच्या जमिनीविषयी बोलणार आहो. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावे या खोऱ्यात आहेत. डोक्यावर सह्याद्रीचा माथा, एकीकडे वरंधाघाट, आणि माथ्यावरून थेट खोऱ्यात उतरणारी गोप्या घाटासारखी जुनी पायवाट. हा उतार सुमारे दोन हजार फुटांचा आहे.

या भागातील मनुष्याला डोंगर म्हणजे एकच एक गोष्ट वाटत नाही. त्याच्या भाषेत सोंड वेगळी, नाळ वेगळी, पदर वेगळा, कडा वेगळा. सोंड म्हणजे माथ्यावरून खाली आलेला डोंगराचा दांड. नाळ म्हणजे दोन दांडांमधली धोंड्यांनी भरलेली अरुंद घळई. पदर म्हणजे अर्ध्या वाटेवरचे सपाट जंगल, जेथे धनगरांचे वाडे असतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरुमाच्या उतारावर, टाच दाबून चालणारा हमखास पडतो. तेथे गुडघे सैल ठेवून, पाऊल आडवे टाकून, आखूड पावले घ्यावी लागतात. कारवीच्या गचपणात डोळ्यांपेक्षा हात अधिक उपयोगी पडतात. ढोरवाट कोणती आणि माणसांची वाट कोणती हे ओळखता आले नाही, तर मनुष्य पाण्याच्या डबक्यापाशी जाऊन थांबतो. कारण गुरांना तेवढेच पाहिजे असते. ही विद्या कोणी पाटीवर लिहून शिकवीत नाही. लहानपणी डोक्यावर भारा घेऊन थोरांच्या मागे चालता चालता ती पायांत मुरते.

हा सर्व मुलूख सतराव्या शतकात जावळीच्या मोऱ्यांचा. विजापूरच्या पातशाहीने त्यांना चंद्रराव हा किताब दिलेला होता. तथापि त्यांची खरी सनद म्हणजे हे रान. बाहेरची फौज आत शिरू शकत नाही, या एका गोष्टीवर त्यांचे राज्य पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. जानेवारी १६५६ मध्ये ते संपले. कारण त्या वेळी आत शिरलेली माणसे रानाला नवखी नव्हती. शिवाजी महाराजांबरोबर मावळचे लोक होते, आणि त्यांचे पाय मोऱ्यांच्या लोकांच्या पायांइतकेच तयार होते. रानाने त्यांना अडविले नाही. जावळीपाठोपाठ त्याच वर्षी रायरी, म्हणजे पुढचा रायगड, हाती आला आणि पारघाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधून काढण्यात आला.

त्यानंतर तीन वर्षांनी अफजलखान आला. खान रानाविषयी अजाण होता असे आपण पुष्कळदा सांगतो, ते बरोबर नाही. वाईची सुभेदारी त्याच्याकडे राहिलेली होती. जावळी कशी आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. परंतु माहिती ही डोक्यात असते आणि सराव पायांत असतो. खानाच्या फौजेचा सराव विजापूरकडील मोकळ्या माळरानाचा. तेथे तिचे घोडदळ खरोखरच भारी होते. वाईच्या आसपास सपाटीवर गाठ पडली असती, तर काय झाले असते ते सांगवत नाही. महाराजांनी ती गाठ तेथे पडू दिली नाही. ते प्रतापगडी जाऊन राहिले आणि भेटीसाठी खानाला खाली बोलावते झाले.

येथे एक बारीकशी गोष्ट आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ती नोंदविली आहे. खानाला भेटीच्या जागी येता यावे म्हणून महाराजांच्या माणसांनी रान तोडून एक वाट तयार केली. मात्र बाकीच्या सगळ्या वाटा बंद करून टाकल्या. बर्फ दाबून गुळगुळीत केलेल्या त्या उताराची आपणांस येथे आठवण व्हावी. ज्याला तयार वाटेचीच सवय आहे, त्याला वाट तयार करून दिली की तो तिच्यावरून येतो. ती कोणी केली आणि ती कोठे संपते हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. खानाची फौज रडतोंडीच्या घाटाने उतरून पारास कोयनेच्या काठी आली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीत खान पडला, गडावरून तोफेची खूण झाली, आणि दोन्ही बाजूंच्या रानातून मावळे निघाले. पळणाऱ्यांना पळण्यास दिशाच नव्हती. हत्ती, घोडे, उंट, तोफा, म्हणजे माळावर ज्यांचे बळ होते ते सर्व, जागच्या जागी सापडले. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगलांच्या कारतलबखानाची तीच गत झाली.

आमच्या व्याख्यानांतून ही कथा बहुधा येथेच थांबते आणि टाळ्या पडतात. आम्हांला मात्र पुढचे अठरा दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. रानात जिंकलेले लोक रानातच बसले असते, तर ते नवे चंद्रराव झाले असते. तसे झाले नाही. मराठ्यांची फौज घाटमाथा ओलांडून मोकळ्या मुलखात उतरली, आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला गेला. सरनोबत नेताजी पालकराचे घोडदळ विजापूरच्या मुलखात खोल धावले. ज्या राज्याच्या पायदळास नाळेतून रात्री उतरता येत होते, त्याच्याच घोडदळास सपाटीवर मजल मारता येत होती. जावळीच्या मोऱ्यांना एकच विद्या येत होती, विजापूरच्या सरदारांनाही एकच. स्वराज्याने दोन्ही शिकून घेतल्या, आणि कोणती केव्हा वापरावी हा निर्णय आपल्या हाती ठेवला. आमच्या मते त्या काळातील मोठेपणाचे मर्म येथे आहे.

दोन विद्या असूनही तो निर्णय हातचा सुटला, तर काय होते याचे उदाहरणही घरचेच आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. त्यांच्या शौर्यापुढे मस्तक नमवावे. पण सेनापतीच्या वेगाला लगाम हवा हेही त्याच दिवसाने शिकविले. तसेच रान म्हणजे अभेद्य कवच असेही कोणी समजू नये. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे तो पुन्हा पडला. जमीन साहाय्य करते. राज्य राखते ते माणसांची एकजूट.

इंग्रजी अमलात घाटांचे रूप पालटले. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. पुढे महाबळेश्वराहून पोलादपुराकडे उतरणारा, गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाचा रस्ता झाला. त्यालाच आज आपण आंबेनळी घाट म्हणतो. वरंधाघाटातूनही चाके फिरू लागली. या रस्त्यांनी कोकणचे मीठ, मासळी, तांदूळ वर गेले, आजाऱ्याला दवाखाना जवळ आला, मुलाला शाळा जवळ आली. रस्त्याला नावे ठेवणारे आम्ही नव्हे. ज्या बाईने बाळंतपणासाठी डोलीतून घाट चढला असेल, तिच्यापुढे पायवाटेचे गोडवे गाण्याचा आम्हांला अधिकार नाही.

परंतु जे मिळाले त्याच्या मोबदल्यात आपण काय विसरलो, हा हिशेबही मांडला पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुराने आणि दरडींनी रस्ते अडले होते. मदतीच्या पथकांना तेथे पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून तीस माणसे गेली. तेव्हा दोर लावून दरीत उतरले ते डोंगर चढण्या-उतरण्याचा सराव असलेले आसपासचे तरुण. रस्ता शाबूत असेतो आपण सर्व सारखेच प्रवासी असतो. तो तुटला म्हणजे कळते की पाय कोणाचे तयार आहेत.

गोप्या, मढे, शेवत्या, पार ही नावे आज बहुतेकांना नकाशावरही सापडत नाहीत. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढेघाटानेच पोलादपुराजवळील उमरठला नेला अशी परंपरा आहे. ती वाट दरवर्षी थोडी थोडी कारवीखाली जात आहे. या वाटा अजून ज्यांच्या पायांत आहेत ती माणसे वाड्यावस्त्यांवर आहेत, आणि ती म्हातारी झाली आहेत. आमचे मागणे मोठे नाही. महाडच्या, पोलादपूरच्या, भोरच्या आणि वाईच्या शाळांनी आपल्या मुलांना वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, अशा एखाद्या जाणत्या माणसाच्या मागे एक घाट चालवावा. मुलांनी वाटेतल्या सोंडांची, नाळांची आणि पाण्याच्या जागांची नावे वहीत लिहून घ्यावी. परत येताना त्यांनी खुशाल एसटीने यावे. दोन्ही वाटा त्यांच्या आहेत. दोन्ही त्यांना ठाऊक असल्या पाहिजेत.