वाटायला मिनिटं २००

७ एप्रिल २०२४. क्लीव्हलँडच्या रॉकेट मॉर्गेज फील्डहाउसमध्ये तुम्ही गडद लाल शर्टांच्या गर्दीत दाटीवाटीने बसला आहात. अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना सुरू आहे. साउथ कॅरोलायना हंगामभर अजिंक्य, पण समोर आयोवाने पहिले दहा गुण सलग घेतलेत. त्यांची केटलिन क्लार्क कुठूनही चेंडू टाकतेय आणि तो जाळीत पडतोय. पहिल्या सत्रात तिचे एकटीचे १८ गुण. फलकावर आयोवा २७, साउथ कॅरोलायना २०.

साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली मात्र खेळाडू बदलत राहतात.

"फायनलमध्येसुद्धा बदल्या?" उजवीकडचे गृहस्थ उसळतात. "उत्तम पाचजणी ठेवा आणि खेळू द्या! गेल्या वर्षी डॅलसमध्ये बॉस्टनसारख्या खेळाडूला दोन फाउल झाले म्हणून बसवलं, आणि याच आयोवाने आपल्याला ७७-७३ने हरवलं. विसरलात?"

डावीकडच्या तरुणीची तक्रार वेगळीच आहे. "मी विचारते, आपली मिलेझिया फुलवायली सुरुवातीला बाकावर का? पॅरिसमध्ये नोटर डेमच्या संघाविरुद्ध कसली खेळली होती ती!"

दोघांचंही तुम्हाला पटतं, आणि अडचण तिथेच आहे. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाचजणी. वाटायला एकूण मिनिटं २००. फुलवायलीला पाच जास्त द्यायची तर ती कुणाची तरी काढून घ्यावी लागणार. डॅलसच्या त्या पराभवानंतर सुरुवातीच्या पाचही जणी संघातून गेल्या. स्टेलींनी या हंगामात नवा संघ उभा केला, तो ही मिनिटं बऱ्याच जणींत वाटून.

मग पहिल्या वर्षाची टेसा जॉन्सन बाकावरून उठून आलेली दिसते. ती बिचकत नाही. मोकळी जागा मिळाली की थेट टाकते. मध्यंतराला साउथ कॅरोलायना ४९-४६ पुढे. रेव्हन जॉन्सन क्लार्कची पाठ सोडत नाही, कमिला कार्डोसो रिबाउंडमागून रिबाउंड ओढते. क्लार्क शेवटपर्यंत लढते, पण उरलेल्या तीन सत्रांत तिला १२च गुण मिळतात.

८७-७५. अजिंक्यपद, सलग ३८वा विजय. टेसाचे १९ गुण, संघात सर्वाधिक. साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंचे गुण ३७, आयोवाच्या शून्य.

गृहस्थ आनंदाने ओरडतायत. तरुणी मात्र अजून म्हणतेय, "तरी फुलवायलीला जास्त खेळवायला हवं होतं." म्हणू दे तिला. कॉलेजची वर्षं मोजकी असतात. बाकावर गेलेलं मिनिट मुलीला परत मिळत नाही, म्हणून त्याचा जाब कुणीतरी विचारलाच पाहिजे. पण विचारताना अख्खा हंगाम समोर ठेवा. टेसाच्या वाट्याची मिनिटं हिवाळाभर दुसऱ्या कुणाला दिली असती, तर या रात्री ती इतक्या निर्धास्तपणे चेंडू टाकू शकली असती का?